कूमच्या गाडीतलं पाणी

गाडीतला गालिचा वरून कोरडा होता. देसांकाने तो दोन बोटांनी दाबला, तेव्हा खालच्या फोममधून पाणी वर आलं. फक्त उजव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी. तिथे तिच्या भाच्याची बायको, स्लाविका, बसायची.

"खिडकी उघडी राहिली असेल, मावशी," भाचा व्लादान म्हणाला.

"मग आधी सीट भिजली असती. सीट कोरडी आहे. कधीपासून येतंय पाणी?"

"पहिल्या पावसापासून."

"आणि रादोयेला विचारलं नाहीस."

"कूमला कसं विचारू? उद्या बाप्तिस्मा आहे."

रादोये व्लादानच्या लग्नात साक्षीला उभा राहिला होता, म्हणून त्याचा कूम. उद्या चर्चमध्ये तोच व्लादानच्या मुलीला हातात धरणार होता. भाऊ भांडतात, कूम भांडत नाहीत. देसांकाने उमेदीची सगळी वर्षं विमा कंपनीसाठी अपघाती गाड्या तपासल्या होत्या. व्लादानने रादोयेकडून ही गाडी घेतली त्या दिवशी ती रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आली होती. व्लादानने ते पिशवीबाहेर काढू दिलं नाही. कूमच्या गाडीला यंत्र लावणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. निघताना रादोयेची बायको मिल्का रिवाजाप्रमाणे पाण्याचा जग घेऊन आली. रादोयेने तो तिच्या हातून घेतला आणि मागच्या चाकापाशी जमिनीवर रिकामा केला.

आता यंत्र बाहेर निघालं. छपराच्या उजव्या कोपऱ्यात रंग चौपट जाड होता, म्हणजे खाली दुरुस्ती झाकलेली. देसांकाने आतलं आवरण सोडवलं. काचेशेजारचा खांब कापून दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडलेला होता. सांध्यात फट होती. एअरबॅगच्या जागी स्पंज कोंबला होता.

"ठोकर बसली तर हा खांब दुमडेल," ती म्हणाली.

व्लादानने रिकाम्या सीटकडे पाहिलं.

गालिच्याखाली तळाचं रबरी बूच काढून ठेवलेलं होतं, पाणी निघून जावं म्हणून. सीटखाली तारेला एक पुरचुंडी लटकत होती. नायलॉनच्या पायमोज्यात दळलेली कॉफी, मोजा तपकिरी दोऱ्याने रफू केलेला.

"ओलीचा वास मारायला," देसांका म्हणाली.

"रादोयेने ज्या बाजारवाल्याकडून गाडी घेतली, त्याने त्यालाही फसवलं असेल."

"असेल. दुपारी जेवायला येतोच आहे."

रादोये वाइनचा बुधला काखेत मारून आला. मागून मिल्का. पहिला पेला होईपर्यंत देसांका थांबली.

"रादोये, गाडीत पाणी येतं."

"माझ्याकडे थेंब आला नाही, मावशी. नवी मालकीण बघून गाडी रडत असेल."

"कधी धुतलीस?"

"दर शनिवारी. पाइप लावून. तुमच्या गाडीसारखी पारोशी नाही ठेवत."

"छपरावरूनही?"

"छपरावरून, काचेवरून. आंघोळ म्हणजे आंघोळ."

"मिल्का, त्या दिवशी जग कुठे ओतणार होतीस?"

"पुढच्या काचेवर. रस्ता पाण्यासारखा सुरळीत जावा म्हणून. ह्यांनी ओढून घेतला. म्हणे, डाग पडतात."

रादोये हसला. "एवढ्याशा पाण्यावरून खटला?"

"दर शनिवारी पाइप लावणारा माणूस पाण्याच्या एका जगाला का घाबरेल? सगळ्यांसमोर आत धार लागली असती म्हणून. पण ही झाली शंका." देसांकाने पुरचुंडी टेबलावर ठेवली. "सांधा बाजारवाल्याने लपवला असेल. बूचही त्याने काढलं असेल. मिल्का, हे रफू कोणाचं?"

मिल्काने मोजा उचलला, उलटवला.

"माझं," ती हळूच म्हणाली. "काळा दोरा संपला होता."

देसांका रादोयेकडे वळली.

"म्हणजे ओल तुला ठाऊक होती. बाजारात विकली असतीस तर गिऱ्हाइकाने यंत्र लावलं असतं," देसांका म्हणाली. "तुला असा माणूस हवा होता, ज्याला तपासायची लाज वाटेल. असा एकच होता."

"मीही फसलोच होतो ना?" रादोये व्लादानकडे वळला. "मी काय करायचं होतं? तीन पोरं आहेत मला. गाडी आहेच की, चालतेय. कूम, तू तरी सांग मावशीला."

आतल्या खोलीत बाळ रडलं आणि स्लाविकाने त्याला उचलल्याचा आवाज आला. व्लादान उठून उभा राहिला. त्याने खुर्ची नीट आत सरकवली.

"उद्या माझ्या मुलीला तू हातात घ्यायचं नाहीस," तो म्हणाला. "आजपासून तू माझा कूम नाहीस."