रांगेतली मोकळी जागा

माझ्या जावयाला एक वाईट खोड आहे. जे त्याच्या अंगाशी येतं, ते झालंच नव्हतं असं तो म्हणतो.

लग्नात हॉलवाल्याशी भांडला, ते झालंच नव्हतं. माझ्या व्हॅनचा आरसा फोडला, तो आधीचाच फुटका होता. आणि या हिवाळ्यात पुलाखालच्या रस्त्यावर जे घडलं, ते म्हणे आम्हा बायकांच्या डोक्यातलं खूळ.

मागच्या शनिवारपर्यंत तो असंच म्हणत होता.

म्हणून मी लिहायला बसले. शाळेत फार गेले नाही, पण डोळे आणि कान शाबूत आहेत. यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने शनिवारी दिवे लागायच्या वेळी पुलाखालच्या चपलांच्या बंद दुकानापाशी यावं. शटरसमोर थोडा वेळ गप्प उभं राहावं. मग माझ्याशी बोलावं.

आम्ही ख्रिस्ती. रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना आमच्या चर्चची मंडळी दर शनिवारी गरम सूप आणि पाव वाटते. सूप माझ्या घरी शिजतं. मोठं पातेलं, घट्ट झाकण, वरून जुनी रजई गुंडाळायची आणि व्हॅनमध्ये चढवायचं. मुलगी पाव देते. ओगराळं माझ्या हातात. आणि जावई प्रार्थना म्हणतो.

तो काही पाळक नाही. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पण पाळकसाहेब अख्ख्या उपदेशात बोलत नाहीत, तेवढं हा जेवणाआधीच्या प्रार्थनेत बोलतो.

आणि आमचा नियम असा, की आमेन झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

रांगेत एक म्हातारा यायचा. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. पूर्वी बस डेपोत पुकारा करायचा, कुठली गाडी कुठे लागलीय ते ओरडून सांगायचा. आवाज गंजला होता, पण जोर तसाच. तो कायम रांगेत शेवटी उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, पुढे ये की, सूप संपलं तर माझ्या नावाने खडे फोडशील. तर म्हणाला, शेवटचा माणूस चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही बाई, सवय आहे.

त्याच्याकडे पत्र्याचं एक टमरेल होतं. मी चांगला वाडगा देऊ केला होता, घेतला नाही. प्रार्थना लांबली की तो त्या टमरेलावर चमचा वाजवायचा.

टक्... टक्...

तरी जावई थांबला नाही, की मागून गंजका आवाज यायचा. "आमेन."

मग अख्खी रांग आमेन म्हणायची आणि मी झाकण काढायची. जावई डोळे मिटून अजून कुठल्यातरी दूरदेशीच्या राजासाठी आशीर्वाद मागत असायचा.

मला हसू यायचं. जावयाला झोंबायचं.

त्या शनिवारी थंडी अशी होती, की ओगराळं हाताला चिकटत होतं. जावयाने सगळ्यांसमोर सांगितलं, "जो मध्येच आमेन म्हणेल, त्याला आज सूप मिळणार नाही."

भोंगा हसला. शहाण्या पोरासारखं त्याने ओठावर बोट ठेवलं.

जावयाने डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, जगातल्या सगळ्या सरकारांसाठी मागितलं. चर्चच्या गळक्या छपरासाठीसुद्धा मागितलं. समोर कुडकुडणाऱ्यांचा नंबर काही लागेना.

मी कान देऊन होते. आता टक् टक् होईल.

आता होईल...

झालं नाही.

शेवटी जावयानेच आमेन म्हटलं. झाकण निघालं, रांग सरकली. मी वाढत गेले, वाढत गेले... आणि शेवटी ओगराळं भरून पुढे केलं, तर समोर कोणीच नव्हतं.

भोंगा शटरला टेकून बसला होता. एका हातात टमरेल, मांडीवर सरळ धरलेलं. मी हाक मारली. परत मारली. मग जवळ गेले.

दुसऱ्या हाताचं बोट अजून ओठावरच होतं.

डॉक्टर म्हणाले, वय, थंडी, हृदय थांबलं. जावई म्हणाला, त्याची वेळ भरली होती. त्याच्या मुठीतून टमरेल सुटेना, म्हणून तसंच त्याच्याबरोबर पुरलं. मी तिथे उभी होते. माती पडताना पत्र्याचा आवाज मी ऐकलाय.

हे मुद्दाम सांगतेय. लक्षात ठेवा.

पुढच्या शनिवारी आम्ही परत तिथेच. जावयाने डोळे मिटले आणि सुरू केलं. थोडा वेळ गेला.

वारा पडला. पुलावरून एवढ्या गाड्या धावतात, त्यांचा आवाज कानात कापूस कोंबावा तसा बंद झाला.

आणि मग...

टक्... टक्...

रांगेच्या शेवटून.

लोकांनी माना वळवल्या. शेवटच्या माणसामागे नुसतं शटर होतं.

"आमेन."

तोच गंजका आवाज. रांगेने सवयीने आमेन म्हटलं, आणि म्हटल्यावर सगळे जागच्या जागी गोठले. मुलीच्या हातातला पाव खाली पडला. मला झाकणाला हात लावायचं सुचलं नाही. एकट्या जावयाला काही ऐकू गेलं नव्हतं. तो बोलतच राहिला.

त्याचं संपल्यावर मी झाकण काढलं. पातेलं इतकं तापलेलं की मनगटाला चटका बसला, फोड आला. डाग अजून आहे. पण आतलं सूप...

गार. मध्ये ओगराळं रुतावं असं गोठलेलं.

घरी जाताना मी व्हॅनमध्ये विषय काढला. जावई म्हणाला, आई, थंडीने तुमचे कान वाजतायत. मुलीला विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, मला नीट कळलं नाही. माझ्याच पोटची, पण नवरा शेजारी असला की तिचे कानसुद्धा सासरचे होतात.

त्यानंतर रांगेत मोकळी जागा पडायला लागली.

एका माणसापुरती. आधी अगदी मागे. मग पुढच्या शनिवारी थोडी अलीकडे. मग आणखी अलीकडे. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण त्या जागेत कोणी पाय टाकायचं नाही. आमेन दर वेळी तिथूनच यायचं. जावई दर वेळी पुढे बोलत राहायचा. आणि सूप दर वेळी गार.

मी एकदा आमेन ऐकल्याबरोबर झाकण काढायला गेले. निघालं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, मुलीने पातेलं धरलं, तरी नाही. जावयाचं आमेन झाल्यावर एका बोटाने निघालं.

पिशवीवाली म्हणून एक बाई येते. सगळा संसार पिशव्यांत घेऊन फिरते, कुणाच्या बापाला भीत नाही. तिला म्हटलं, सरक ना पुढे, एवढी जागा कशाला सोडलीस?

ती खाली बघत म्हणाली, "जागा कुठाय? पुढे माणूस उभा आहे ना. त्याच्या पाठीची थंडी लागतेय मला."

रांग आटत गेली. लोक पुलाच्या पलीकडच्या टोकाला बसून आमच्याकडे बघायचे, पण यायचे नाहीत. त्या थंडीत, रिकाम्या पोटी. भोंग्याच्या मागोमाग अजून कोण शटरला टेकलेलं सापडेल, ह्या विचाराने माझी झोप उडाली.

मी जावयाला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, रांगेसमोर उभं राहून एकदा म्हणा, की त्या दिवशी माझं चुकलं. लोक परत येतील. बाकीचं देव बघेल.

तो म्हणाला, "आई, ख्रिस्ती माणसाने भूतबित मानायचं नसतं."

मी म्हटलं, मी कुठे मानते? पण मग ती जागा कुणासाठी सोडतात, तेवढं सांगा.

त्याने चष्मा पुसला आणि तो निघून गेला.

आता मागचा शनिवार.

मोजकेच लोक आले होते. पिशवीवाली सगळ्यात पुढे. पण टेबलापासून लांब उभी.

तिच्या आणि पातेल्याच्या मध्ये एका माणसापुरती जागा.

इतके शनिवार तो रांगेत उभा होता. सगळ्यांना पुढे जाऊ देणारा माणूस, पण आता पुढे सरकत होता. आणि आता त्याच्यापुढे कोणी उरलं नव्हतं.

जावयाने डोळे मिटले. "हे दयाळू पित्या..."

वारा पडला. पुलावरचा आवाज बंद झाला.

टक्... टक्...

शटरपाशी नाही. आमच्या टेबलाच्या कडेवर. पत्र्याचं काहीतरी लाकडावर टेकल्यासारखं.

जावयाचा आवाज अडखळला.

"आमेन."

त्याच्या तोंडासमोर. एवढ्या जवळून, की त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली.

त्याने डोळे उघडले. या वेळी त्याने ऐकलं होतं. शप्पथ घेऊन सांगते, ऐकलं होतं. प्रार्थना तिथेच तुटली. मुलीने माझा पदर धरला.

मी झाकणाला हात लावला. जावयाचं आमेन झालेलं नव्हतं, तरी ते अलगद निघालं. आणि आतून वाफ आली. भोंगा गेल्यापासून पहिल्यांदा. भरभरून, गरम वाफ. ती वर चढली, आणि टेबलापुढच्या मोकळ्या जागेत मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंनी गेली. तिथे कोणी उभं असल्यासारखी.

त्यानंतर काय काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मुलगी एक सांगते, पिशवीवाली दुसरं. आता हे लिहितेय तर ते पातेलं माझ्या मागे ओट्यावर पालथं घातलेलं आहे, आणि मी दोनदा उठून बघून आलेय. कसलातरी आवाज झाला म्हणून. उद्या परत शनिवार.

पण त्या वेळी मी काय बोलले, ते मला पक्कं आठवतंय. जावयाशी मी आजवर चढ्या आवाजात बोललेले नाही. तेव्हाही बोलले नाही. ओगराळं त्याच्या हातात दिलं, त्याची बोटं त्याभोवती मिटवली आणि म्हटलं,

"जावईबापू, देवाचं नाव घेत तुम्ही या माणसाला उपाशी मारलंत. आता त्याचा नंबर आलाय. डोळे उघडे ठेवा, आणि वाढा."