दारात हरवलेली उत्तरं

मंगळावरच्या नव्या अरुणग्राम वसाहतीत शाल्मली आपल्या आजोबांकडे, नानांकडे राहत होती. आई पृथ्वीवर होती. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. शाल्मली तिला रोज निरोप पाठवायची, आणि आईचं उत्तर हमखास यायचं. पण गेला आठवडाभर एकही उत्तर नव्हतं.

"नाना, आई बरी आहे ना? खरं सांगा," शाल्मलीने विचारलं.

नानांनी तिला जवळ घेतलं. "अगं, वसाहतीत कुणालाच उत्तर मिळत नाहीये. आणि राउटरमध्ये (वसाहतीच्या संगणक-जाळ्याच्या दारावरचा संगणक) तर कुणी काहीच बदललेलं नाही. चल, दोघं मिळून शोधू."

राउटरवर युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या घराण्यातली प्रणाली चालत होती. नानांनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. बाहेरून येणारी पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) भराभर दिसू लागली.

"ही बघ, पृथ्वीवरून उत्तरं येताहेत!"

"मग मला का मिळत नाहीत?"

"आता आतली बाजू पाहू." तिथे मात्र उत्तरांचा मागमूस नव्हता. म्हणजे ती दारातच गळत होती.

"तुझ्या टॅबचा पत्ता फक्त वसाहतीच्या आत चालतो," नाना सांगू लागले. "बाहेर आपल्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता आहे. तुझं पाकीट निघालं, की राउटर तुझा पत्ता काढून वसाहतीचा घालतो, आणि ते कुणाचं होतं हे लक्षात ठेवतो. याला नॅट (पत्त्यांची अदलाबदल) म्हणतात. उत्तर आलं, की तो आठवून ते तुझ्याकडे धाडतो."

"आणि तो विसरला तर?"

"तर उत्तर टाकून देतो. अर्धा तास उत्तराची वाट पाहून तो विसरतोच. नाहीतर त्याची स्मृती भरून जाईल."

शाल्मली विचारात पडली. "नाना, हल्ली आकाशात पृथ्वी किती मिणमिणती दिसते. ती लांब गेली आहे का?"

नानांनी कपाळावर हात मारला. "लांबच गेली गं! दोन्ही ग्रह सूर्याभोवती आपापल्या गतीने फिरतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर सारखं बदलतं. निरोप प्रकाशाच्याच वेगाने जातो, पण आता जाऊन यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. उत्तर दारात पोहोचतं, तोवर राउटर तुला विसरलेला असतो!"

त्यांनी ती मुदत एक तासाची केली. "हरवलेली उत्तरं काही परत येणार नाहीत. आईला पुन्हा विचार."

शाल्मलीने विचारलं आणि टॅब मांडीवर घेऊन बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. अखेर आईचा आवाज आला, "अगं, मी रोज उत्तर देतेय, आणि तू रोज तेच विचारतेस! टाके काढले माझे. आज जिना चढून गच्चीवर गेले."

शाल्मली हसता हसता रडू लागली. नानांनीही हळूच डोळे पुसले.

"नाना, गुरूच्या चंद्रांवर माणसं राहायला गेली तर?"

"तर तिथल्या राउटरला याहून जास्त वेळ आठवण ठेवावी लागेल."

"मी गेले ना, की आधी तेच तपासीन," असं म्हणत ती आईला उत्तर द्यायला वळली.