पंचफुलाबाईचा पट्टा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजात घडलंय. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी. आणि जिच्यासोबत घडलं ती माझी मैत्रीण रूपा, भुताखेताला खदाखदा हसणारी पोरगी.

रूपा वाशीमला फिजिओथेरपीचं काम करते. तिच्या बाबांना, ग्यानबांना, लकवा मारला आणि डावा पाय पार लुळा पडला. बाबा पुन्हा चालावेत, एवढंच तिला हवं होतं.

तिने त्यांच्या पायाला सेन्सरचा पट्टा बांधला. स्वस्तातली वस्तू. इकडे पाय हलला की तिकडे वाशीमला तिच्या मोबाईलवर रेघ हलायची. हाच पट्टा आधी आईच्या पायात होता, खुब्याच्या ऑपरेशननंतर. आई, पंचफुलाबाई, त्याआधीच्या हिवाळ्यात गेली.

शेजारची धनीबाई तेव्हाच म्हणाली होती, "पोरी, मेल्या मानसाच्या अंगावरचं जित्याले बांदू नोको."

"काकू, चांगला पट्टा फेकू कायले?"

थोड्याच दिवसांत रेघ नाचायला लागली... रोज दुपारी.

बाबा चालतात! रूपा नाचतच घरी आली. पाय उचलायला लावला.

तसूभर हलला नाही.

तिचं डोकंच फिरलं. व्यायाम चुकवायला म्हातारा पट्टा दुसऱ्याच कुणाला बांधतो की काय?

"बाबा, खरं सांग. कोनाच्या पायात घातला होता? बकरीच्या?"

"मी त बाजेवरून उठलोच नाई वं."

"मंग चालते कोन?"

बाबांनी मान फिरवली. नजर दाराकडे.

तिने पट्टा सोडला, पेटीत टाकला, कुलूप लावलं. आता बघतेच म्हणाली, आणि बाजेजवळ बसली.

दुपार झाली. गल्ली चिडीचूप. बाहेर बकरी रवंथ करत होती, तीही थांबली...

फट्... सर्रर्र...

चप्पल ओढल्याचा आवाज. घरातच.

मोबाईलवर रेघ चालू होती.

दोन पावलं. थांबणं. मग एक ओढलेलं पाऊल.

 ही चाल रूपाने महिनोन्महिने मोजली होती. आईची चाल ती झोपेतही ओळखली असती.

"भेऊ नोको," बाबा म्हणाले. "थे तुही मायच हाये. रोज येते. म्हनते, उठा, चाला मायासंगं."

"तू गेला त नाई ना बाबा?"

"अजून नाई." आणि त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात मोबाईलवर दुसरी रेघ उमटली...

पट्टा एकच. तोही कुलपात. आणि ही नवी चाल जड, डावा पाय घासत जाणारी.

बाजेवर बाबांचे पाय जागच्या जागी होते. चेहरा मात्र हसरा.

बाबा अजून आहेत. मी रूपाला म्हटलं, जाळून टाक तो पट्टा. ती रडायलाच लागली. "जाळला अन् बाबा तिकडंच राह्यले त?"

म्हणून ती रोज दुपारी मोबाईल धरून बसते. रेघा थांबतात, मग बाबा डोळे उघडतात.

काल रेघा थांबल्या...

बाबांनी डोळे उघडायला फार वेळ लावला.