सरकारी घोडा

संभाजी घोडीवाल्याला त्या दिवशी दोनच कामं होती. मार्केट यार्डातून हरभऱ्याचं पोतं आणायचं आणि जाताना पेठेतून पाळण्याला दोरी घ्यायची. लेक पायल पहिल्या बाळंतपणाला वारज्याला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. बायकोने, शैलाने, बजावून सांगितलं होतं की दोरी सुती आणि पांढरीच हवी, नायलॉनची आणलीत तर स्वतःच्याच गळ्यात बांधून फिरा. शैला मूळची पेठेतली, तिचं बोलणं असंच.

संभाजीच्या डोक्यात मात्र मैना होती. मैना म्हणजे त्याची घोडी. वराती करून करून तिनेच घर चालवलं, पायलचं लग्न तिच्याच जिवावर झालं. आता ती उतरणीला लागली होती आणि पोटी एक शिंगरू नव्हतं. यंदा फळली तर फळली, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वडिलांपासूनची दावण आपल्या हातून रिकामी होणार, हे त्याला जेवतानासुद्धा टोचायचं.

दोरी घेऊन तो यार्डात आला, पोतं टेंपोत टाकलं आणि वळला, तर मागे एक माणूस उभा. अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, त्यावरची अक्षरं झिजून गेलेली. भर उन्हाळ्यात कोट घालणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर सरकारी. याच्या अंगाला जळक्या केसांचा वास येत होता.

"घोडी माजावर हाय तुमची," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कपड्यांना वास हाय तिचा."

मग त्याने सावकाश सांगितलं. त्याच्याकडे सरकारी घोडा होता, विलायती, ओझ्याचा, तोफा ओढणाऱ्या जातीचा. शेतकऱ्यांच्या घोड्यांची जात सुधारावी म्हणून गोऱ्या साहेबाने पूर्वी असे घोडे गावोगाव ठेवले होते, त्यातलाच हा. तबेला कालव्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. फी नाही. फक्त घोडी ज्या दोरीने आणली ती दोरी तिथेच ठेवून जायची, आणि पहिलं पिल्लू सरकारजमा.

"ज्याची दोरी, त्याचं पहिलं पिल्लू," तो म्हणाला, आणि पोत्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला.

पशुखात्याची एखादी योजना असेल, असं संभाजीने मनाशी ठरवलं. दोरीची अट मात्र त्याला खुपली. घोडीवाले जनावर विकतील, पण त्याची दोरी देणार नाहीत. दोरी गेली की दावणीची बरकत गेली. मैनेची दोरी तर वडिलांनी हाताने वळलेली. शिवाय एवढ्या नवसाचं शिंगरू सरकारच्या घशात कोण घालणार? सरकारला फसवणं हे काही पाप नव्हे, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहेच. घरी येताच त्याने मैनेची दोरी सोडून गोठ्यात खुंटीला अडकवली आणि पिशवीतली कोरी पांढरी दोरी तिच्या गळ्यात बांधली. शैलाला दुसरी आणून दिली की झालं.

उन्हाच्या भरात तो मैनेला घेऊन कालव्याकाठाने निघाला. टेकडीशी पोचला तशी हायवेची घरघर एकाएकी थांबली. समोर दगडी तबेला होता, आत गारवा. घोडा अंधारात उभा होता. खूर ताटाएवढे, पायांवर लांब केस, आणि मागच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने डागलेला सरकारी खुणेचा बाण. वैशाखात जनावरावर माश्या घोंगावतात, पण त्याच्या अंगावर एकही माशी नव्हती. भिंतीवर खुंट्या होत्या आणि खुंटीखुंटीला दोऱ्या. काथ्याच्या, सुताच्या, एकीला कवड्या ओवलेल्या.

मैना थरथरत होती. मग ती अगदी शांत झाली, आणि त्या शांतपणाचीच संभाजीला भीती वाटली.

काम झाल्यावर त्या माणसाने पांढरी दोरी सोडून घेतली. बोटांतून फिरवली, नाकाशी नेली.

"कोरी हाय... कुणासाठी घेतली?"

"घोडीसाठीच," संभाजी म्हणाला.

माणसाने मान हलवली. "आम्हाला तुमचं बोलणं नको. दोरी सांगती," असं म्हणून त्याने ती खुंटीला अडकवली. संभाजी मैनेची आयाळ धरून परत निघाला. वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

पायलला मुलगा झाला. घर आनंदलं, शैलाने दोरीवरून नवऱ्याचा उद्धार केला आणि पाळण्याला झोका द्यायला दोरीऐवजी जुनी ओढणी बांधली. त्याच सुमाराला डॉक्टरांनी मैनेला तपासलं. गाभ नव्हता. संभाजी खिन्न होऊन घरात आला, तेव्हा शैला बाळाला तेल लावत होती. बाळाच्या मागच्या बाजूला, कमरेखाली, निळसर डाग होता. बाणाचा.

"जन्मखूण आहे हो, जाईल वर्षभरात," शैला म्हणाली.

ज्याची दोरी, त्याचं पहिलं पिल्लू. दोरी कुणाची होती ते संभाजीला आत्ता कळलं. त्याने गोठ्यातली वडिलांची दोरी उचलली आणि भर दुपारी टेकडीकडे धावत सुटला.

तबेला होता. छप्पर कधीच पडलेलं, आत बाभळी उगवलेल्या. खुंट्यांवर दोऱ्याही होत्या, पण हात लावताच त्यांचा भुगा होत होता. पांढरी दोरी जिथे होती ती खुंटी मात्र रिकामी होती. त्याने वडिलांची दोरी तिच्यावर टाकली.

"मैना घ्या... मला घ्या... चूक झाली माझी," तो रडत म्हणाला. फक्त जळक्या केसांचा वास होता, आणि तो वारज्याच्या दिशेने निघून गेल्यासारखा विरळ होत होता.

तो घरी पोचला तेव्हा सगळं घर दुपारचं निजलं होतं. खोलीत पाळणा हलत होता, संथ, एका लयीत. बाळ झोपेत हसत होतं. जिवंत होतं. संभाजीने देवाला हात जोडले आणि मग त्याला दिसलं की ओढणी जमिनीवर पडली आहे. पाळण्याला पांढरी दोरी होती. तिचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर गेलं होतं, ताठ.

पायल कूस बदलून झोपेतच पुटपुटली, "अप्पा... किती वेळ झोका देताय... दमाल."

गोठ्यात मैना खिंकाळली, ओळखीचं कुणी आल्यासारखी. संभाजीने कोपऱ्यातला विळा उचलला आणि दोरी खिडकीशी कापली. पाळणा थांबला. त्याने बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि बाहेर पाहिलं. अंगणात लख्ख ऊन होतं, कुणीही नव्हतं.

कापलेलं टोक मात्र खाली पडलं नव्हतं. ते तसंच हवेत, माणसाच्या हाताच्या उंचीवर, ताठ थांबून राहिलं होतं.