तळाची जाळी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी फिल्टरची चार पोती वाळू टेम्पोत टाकून अमृतराव सेठच्या फार्महाऊसवर गेलो. आदिलाबादहून भीमपूरकडे जाताना रस्त्यापासून आत ते घर आहे. चारी बाजूंनी शेतं, कापूस कधीचा निघालेला, काळी माती उघडी पडलेली. घरात कोणी राहत नाही. सेठ भैंशाला त्यांच्या कापसाच्या जिनिंगवर असतात. नातवंडं सुट्टीत आली तरच कुलूप निघतं. मागच्या अंगाला पोहायची टाकी आहे, निळ्या फरशीची, एका टोकाला नऊ फूट खोल.

काम साधं होतं. टाकीचं पाणी निवळत नव्हतं.

सेठनी आधी निजामाबादहून माणूस आणला, मग नांदेडहून. दोघांनी हात टेकले. मग मला फोन आला. "पंकज, तुझ्या भावाला त्या टाकीची नाडी माहीत होती. तू बघ एकदा. नाही जमलं तर सोमवारी मुरूम टाकून बुजवून टाकतो."

हर्षदीप माझा मोठा भाऊ. सात महिन्यांपूर्वी तो त्याच टाकीत गेला, पाणी निवळायचं काम अर्धं असताना.

मी जाणार नव्हतो. पण आई म्हणाली, "त्यानं हाती घेतलेलं काम कधी अर्धं सोडलं नाही, बाबू. हे एक राह्यलं. तू कर." आमच्या घरात भूतबित मानत नाहीत. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणूस गेला तो गेला. मीही तेच मानत होतो. तरी मनात आलं, टाकी बुजली तर दादाचं काम कायमचं अर्धंच राहील, मातीखाली.

फाटक चंपतकाकांनी उघडलं. राखण तेच करतात.

"आलास का बाबू? मले वाटलं, तू नाही येत."

"काऊन नाही येणार?"

काकांनी फाटक मागं लोटलं. मग म्हणाले, "त्या नांदेडवाल्यानं एवढी तुरटी ओतली का, दाढी केल्यावर नुसतं तोंड बुडवलं तरी चालते."

मी हसलो. त्या घरात हसायची तेवढीच वेळ आली.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसेनात. वर ओल्या सरकीसारखा वास.

मोटारीच्या खोलीत गेलो आणि भिंतीवर स्क्रूची चार भोकं दिसली. तिथं ऑटो होता. शेतातल्या बोअरला लावतात तो. लाईन, म्हणजे वीज, आली की मोटार आपोआप सुरू होते. आमच्याकडं शेताशेतात असतो, म्हणून मीही लावला होता. लाईन आली की दर वेळी टाकीवरून उठून खोलीत जायचा मला कंटाळा. दादा म्हणाला होता, "पंक्या, हे वावर नाही. इथं पाण्यात माणूस उतरते. काढ तो." मी म्हणालो, "उद्या काढतो."

त्या दिवशी दुपारी लाईन गेली. पाण्याची ओढ कमी पडत होती, म्हणून दादा तळाची जाळी उघडून पाईपातला कापूस काढायला खाली गेला. शेतातून उडालेला कापूस त्या टाकीत फार पडतो. तो खाली असतानाच लाईन आली. खोलीतून मोटारीचा आवाज आला. मी काठावर उभा होतो, आणि पाणी असंच पांढरं. मी बुटांसकट उडी मारली. त्या दुधात चाचपत राहिलो. त्याचा शर्ट हाताला लागला, तो ओढत राहिलो. पाईपनं त्याचा हात कोपरापर्यंत धरला होता.

बटण काठापासून अकरा पावलांवर आहे. मी नंतर मोजली. बटण बंद केलं असतं तर पाईपनं हात सोडला असता. हे मला तो गेल्यावर सुचलं.

लोक म्हणतात, भावासाठी पोरानं जिवाची पर्वा केली नाही. मी ऐकून घेतो. ऑटो मी त्याच संध्याकाळी काढून विहिरीत टाकला. आईलाही सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

तर, मी कामाला लागलो. फिल्टरचं झाकण उघडलं. आतली वाळू कापसाच्या तंतूंनी गुळाच्या ढेपेसारखी बांधली गेली होती. ती खोदून काढली, खालच्या नळ्या तपासल्या, नवी वाळू भरली. पाणी उलटं सोडून फिल्टर धुतला. फिल्टरची झडप फिरवायच्या दांडीवर सगळं इंग्रजीत लिहिलंय. मी सातवीत शाळा सोडली, म्हणून दादानं माझ्यासाठी रंगाच्या खुणा करून ठेवल्या होत्या. त्या अजून होत्या. औषधाचे थेंब टाकून पाणी तपासलं, रंग बरोबर आला. मोटार सुरू केली. बुधवार गेला, गुरुवार गेला. फिल्टर नीट, औषध नीट. पाणी पांढरंच.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला लाईन गेली. मोटार थांबली. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. मी काठावर बसलो आणि का कोण जाणे, पाण्याकडं बघून म्हणालो, "दादा, काय राह्यलं रे? सांग ना..."

पाणी खालून निवळायला लागलं. आधी नऊ फुटांवरची जाळी दिसली. मग फरशी. बघता बघता सगळं आरपार झालं, जसं कोणी पडदा वर ओढून घेतला. तळाशी तुरटीनं बसवलेला गाळ राखेसारखा पसरला होता. त्या गाळात, खोल कोपऱ्यापासून, ब्रशाचा एक पट्टा उमटत होता. हळू, सरळ. भिंतीपाशी थांबला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मधे बोटभर गाळ सुटलेला नाही. दादा असाच ब्रश मारायचा. पाण्यात ब्रश नव्हता. कोणी नव्हतं.

मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू. मी रडत होतो. पट्टे एकेक करत जाळीपर्यंत आले आणि थांबले. आणि जाळी... जाळी हळूच एका बाजूनं उचलली गेली.

तेवढ्यात खोलीतून मोटारीचा आवाज आला.

या वेळी मी उडी मारली नाही. पळालो. अकरा पावलं. बटण बंदच होतं, लाईन गेली तेव्हाच ते पडलं होतं. तरी मोटार चालत होती, तिचं अंग हाताला थरथरत होतं. मी फ्यूज ओढून काढला. आवाज थांबला.

चंपतकाका दारात येऊन उभे होते.

"लाईन आली का, काका?" मी विचारलं.

"कुठची लाईन? पंखा बंदच हाय माहा." ते मोटारीकडं बघत राहिले. "मंग हे कशानं चालून राह्यली होती...?"

बाहेर आलो तर जाळी जागेवर होती. उरलेल्या अर्ध्या तळावर पट्टे पुन्हा सुरू झाले होते. काकांनी ते पाहिले, हात जोडले आणि फाटकाकडं निघून गेले. तेव्हापासून ते मागच्या अंगाला येत नाहीत.

सेठ खूश झाले. मुरुमाचं नाव काढत नाहीत. पाणी आजही काचेसारखं आहे. फ्यूज माझ्या खिशात आहे. मोटार बंद, औषध बंद, आणि पाणी स्वच्छ. सेठना वाटतं माझी काही युक्ती आहे.

मला वाटलं होतं, काम पुरं झालं की दादा सुटेल. पण रोज दुपारी गाळाचा थर तळाला पुन्हा दिसतो आणि पट्टे पुन्हा सुरू होतात. म्हणून मी रोज एक वाजता खोलीत जाऊन बसतो, बटणावर हात ठेवून. तेव्हा बसायला हवं होतं, ते आता बसतो. आईला सांगतो, सेठकडं नोकरी लागली.

चार दिवसांपासून एक नवीन झालं आहे. तळाच्या जाळीचा पाईप खोलीत येतो, त्यातून ठोके ऐकू येतात. दादा खालून लोखंडी पान्यानं जाळीवर ठोकायचा. दोन ठोके म्हणजे मोटार चालू कर, तीन म्हणजे थांब. दोन ठोके येतात. मी हलत नाही. पुन्हा दोन येतात. मग पुन्हा, आधीपेक्षा लवकर, आधीपेक्षा जोरात.

मी पाईपाला कान लावून म्हणतो, "तू वर ये आधी. मग चालू करतो."

ठोके थांबत नाहीत. आणि मला एकच गोष्ट समजत नाही. दादानं उभ्या जन्मात कधी घाई केली नव्हती.