हरण्याला पळवणारी

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली. कुठे ऐकलेली नाही आणि रंगवूनही सांगत नाही. त्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मी लहानपणी गोट्या खेळलोय.

साल एकोणीसशे एकोणसाठ. गाव तोंडवली, तालुका मालवण. शिमगा नुकताच सरला होता. वेळ संध्याकाळची... दिवा लावायची.

सत्यवतीमावशी चुलीपुढे होती. मागीलदारी हरण्या बांधलेला. दुपारपासून तो रडत होता, दोरीला हिसके देत होता.

आणि एकाएकी तो गप्प झाला.

मावशी बाहेर आली.

खुंट्याला सुंभाची दोरी होती... कुत्रा नव्हता.

दोरी तुटलेली नव्हती. कुरतडलेलीही नव्हती. गाठ सोडलेली होती. नीट, दोन्ही हातांनी सोडावी तशी.

हरण्या म्हणजे मुधोळचा शिकारी कुत्रा. लांब पाय, आत गेलेलं पोट, रंग वाळलेल्या गवताचा. उभा राहिला की हरणासारखा दिसायचा. सावंतवाडीकडच्या रानात डुकराच्या शिकारीला अशी कुत्री नेत. तिथल्याच एका शिकाऱ्याची लेक सुभद्रा. ती मावशीच्या नवऱ्याशी, गणपतकाकांशी, लग्न करून तोंडवलीत आली, ती ह्या पिल्लाला पदरात घेऊनच.

सुभद्रा म्हणजे काकांची पहिली बायको. रोज संध्याकाळी कासोटा मारून ती हरण्याबरोबर किनाऱ्याने धावायची. घरची सून वाळूत धावते म्हणून गावाने नावं ठेवली. तिने मनावर घेतलं नाही. पुढे मोठ्या तापात ती गेली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला हरण्या.

सत्यवतीमावशी दुसरी. मसुऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. तिला कुत्रा माहीत होता तो उष्टं खाऊन खळ्यात पडून राहणारा. हा कुत्रा खोलीत झोपायचा. धावायला मिळालं नाही तर वेडापिसा व्हायचा. एकदा त्याने कापसाची उशी फाडली. एकदा शेजारच्या शेवंतीची कोंबडी धरून आणली आणि सासूच्या पायाशी ठेवली.

"तेका पळवूक व्हया गो," सासू आनंदीबाई म्हणायच्या. "ती रोज धावूक व्हरी."

ती. त्या घरात सगळं 'ती'च करायची. सोलकढी ती अशी करी. अंगण ती असं सारवी.

काका बोटीवर नोकरीला. लग्नानंतर पंधरवड्यात निघाले. निघताना मावशी पदर सावरून दारात उभी होती. काका खाली वाकले, हरण्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मान वर न करता म्हणाले, "सुभद्राचो जीव हो. सांभाळ तेका."

नव्या नवरीला एवढंच बोलून ते गेले.

मावशी आईला सांगायची, "माका त्या कुत्र्याचो राग नव्हतो गो. पण तेच्याकडे बगलंय काय ती दिसा."

म्हणून तिने त्याला बांधला. आणि त्या संध्याकाळी गाठ सुटली.

दिवा लागल्यावर हरण्या परत आला. पाय ओल्या वाळूने भरलेले, जीभ लोंबलेली. घटाघटा पाणी प्यायला आणि शहाण्यासारखा झोपला.

आनंदीबाईंना वाटलं, सुनेनेच नेला. "बरा केलंस," त्या म्हणाल्या.

मावशीने त्यांना तसंच वाटू दिलं. त्या घरात तिला मिळालेलं ते पहिलं कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिने गाठीवर गाठ मारली, तरी तेच.

एक गोष्ट तिच्या उशिरा ध्यानात आली. किनाऱ्याच्या वाटेवरच्या सुरूच्या बनातून कुत्रा आला की अंगाला कुसळं चिकटतात. हरण्याच्या अंगाला एकही कुसळ नसे. कानामागे गोचीड नसे. कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन, बोटांनी केस विंचरून साफ केलेलं...

बाबली माडांवर चढून नारळ काढायला येत असे. उंच माडावरून त्याला सगळा किनारा दिसायचा. मावशीने सहज विचारल्यासारखं केलं, "आमच्या हरण्याक कोण व्हरता रे सांजचा?"

बाबली हसला. "माका काय विचारतास वयनी? तुमीच धावतास मां. काल बगलंय तुमका, कासोटो मारलेलो. पयली वयनी धावा, अगदी तशाच धावतास."

मावशी काल संध्याकाळी घरातून हललीही नव्हती. भाकऱ्या थापत होती.

दुसरी कुणी असती तर तिने आधी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं असतं. मावशीही घाबरली. पण भीतीच्या आधी दुसरंच काही तरी आलं, आणि ते तिने कधी लपवलं नाही.

तिला जळजळ झाली. मेली तरी हिचं सरत नाही. घर हिचं, सासू हिची, नवरा हिचा. आणि मी बांधलेला कुत्रा माझ्या दारातून सोडून नेते.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आधीच मावशीने कासोटा मारला. दोरी हाताला गुंडाळली आणि हरण्याला घेऊन किनाऱ्यावर गेली.

त्या पहिल्या दिवशी त्याने तिला फरफटत नेलं. गुडघे फुटले. होड्यांवरचे लोक हसले. तिने दोरी सोडली नाही. मग हळूहळू तिला त्याची चाल कळली. हा कुत्रा आधी सावकाश निघतो, कान मागे पडतात, पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि मग तो जमिनीला लागतच नाही. आठवड्याभरात दोरीची गरज उरली नाही. तो वाऱ्यासारखा पुढे जायचा, वळायचा, तिच्याभोवती फेरी मारून पुन्हा सुटायचा. मावशी धापा टाकत हसायची. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

त्या दिवसांत गाठ सुटली नाही. एका संध्याकाळी हरण्याने आपण होऊन तिच्या मांडीत तोंड घातलं.

किनारा मोकळा होता. मावशीने सुरूच्या बनाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, "आता हो कुत्रो माझो."

बनात वारा होता तो थांबला...

नंतर एक आवाज आला. च्च्... च्च्...

लाडक्या कुत्र्याला ओठांनी चुचकारतात तसा.

हरण्याचे कान उभे राहिले. तो उठला. बनाकडे चार पावलं गेला, मागे वळून मावशीकडे बघितलं, आणि तिथेच थरथरत उभा राहिला. मावशीने त्याला उचलला आणि घरी आणला.

त्या दिवसापासून तो तिच्याबरोबर धावायचा, पण तिच्या शेजारी नाही. मधे जागा सोडून. बसला तरी मधे जागा सोडूनच बसायचा.

एक माणूस बसेल एवढी जागा...

मावशीने हट्ट सोडला नाही. ती त्याला जास्त लांब नेऊ लागली. पार दमवूनच घरी आणायची, म्हणजे दुसरीकडे जायला त्राण उरू नये. खोलीत घ्यायची, कडी लावायची.

सकाळी कडी लावलेलीच असायची. आणि हरण्याच्या पायांना ओली वाळू असायची.

तो खंगत चालला. फासळ्या मोजाव्यात असा झाला. तळवे फुटले, घरभर रक्ताचे ठसे उमटू लागले. तरी संध्याकाळी मावशीने कासोटा मारला की तो उठायचा. आणि ती घेऊन आली की पुन्हा कुणासाठी तरी उठायचा.

आनंदीबाईंनी एक दिवस ते ठसे बघितले. मग सुनेकडे बघितलं. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

"दोघींनी मिळान मारशात तेका," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी मावशी किनाऱ्यावर गेली नाही. हरण्याचं डोकं मांडीवर घेऊन मागीलदारी बसली. तळव्यांना खोबरेल लावत होती. मान उचलायचीही ताकद त्याच्यात नव्हती.

माडांच्या सावल्या लांब झाल्या.

च्च्... च्च्...

आवाज बनातून आला नव्हता. विहिरीजवळून आला होता.

हरण्या थरथरत उभा राहायला लागला. पाय घसरत होते, तरी उठत होता. मावशीने त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो गुरगुरला नाही, चावला नाही. नुसता कण्हत पुढे ओढत राहिला. त्याचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं.

त्याला असाच धरून ठेवला तर तो इथेच मरेल, हे तिला कळलं.

तिने हात सोडले.

"घेवन जा गो," ती विहिरीकडे बघून म्हणाली. "पण हळू ने. तेचे पाय फुटलेत."

हरण्या निघाला. धावत नाही... चालत. एक एक पाऊल टाकत, कुणाच्या तरी चालीला चाल जुळवत. मधेच त्याने मान वर केली, वरून कुणी डोकं कुरवाळावं तशी. मग तो सुरूच्या बनात शिरला.

परत आला नाही. बाबलीने बन शोधलं, किनारा शोधला, पार आचऱ्यापर्यंत जाऊन आला. काही सापडलं नाही.

मिरगाच्या तोंडावर गणपतकाका आले. खळ्यात पाय ठेवताच त्यांनी विचारलं, "हरण्या खंय?"

"जिचो होतो तिना व्हेलो," मावशी म्हणाली.

काका दोन दिवस जेवले नाहीत. पण हळूहळू ते मावशीशी बोलू लागले. कुत्रा मधून गेल्यावर त्या दोघांच्या संसाराला सुरुवात झाली, असं आई सांगते. मावशीला वाटलं, आता हिशेब मिटला. तिचं होतं ते तिने नेलं.

एका संध्याकाळी काका पडवीत बसले होते. मावशी आत तांदूळ निवडत होती.

मागीलदारातून हाक आली. "आयकलात?"

त्या काळी बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नसत. "आयकलात?" एवढीच हाक. काका उठले, "काय गो?" म्हणत मधल्या दारातून आत आले...

आणि त्यांना सूप घेऊन बसलेली मावशी दिसली. तिनेही हाक ऐकली होती. तिचे हात तांदळात तसेच राहिले होते.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. बाहेरून पुन्हा हाक आली नाही.

त्या दिवसापासून मावशी नवऱ्याला नावाने हाक मारू लागली. गणपत. चारचौघांत, सासूसमोर, जत्रेत. गाव हसलं. लहानपणी मलाही नवल वाटायचं, की ही एकटीच बाई नवऱ्याला नावाने कशी बोलावते. कारण त्या दोघांनाच ठाऊक होतं. नावाने हाक आली तरच काका उठणार, असं त्यांचं ठरलं होतं.

सात-आठ वर्षं तसं चाललं. काकांनी बोटीवरची नोकरीही सोडली.

सदुसष्ट सालचा श्रावण. पाऊस उघडला होता. मावशी शेवंतीकडे नारळ सोलायला गेली होती. काका पडवीत होते. आनंदीबाई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या, पण कान तिखट.

त्यांनी शेवटपर्यंत शपथेवर सांगितलं. मागीलदारातून सुनेचा आवाज आला. तिचाच आवाज, तिचीच हाक.

"गणपत..."

"इलंय गो," काका म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

ते सुरूच्या बनापलीकडे, ओल्या वाळूत सापडले. काळीज थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीचा, धडधाकट माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं होतं... धावायला निघाल्यासारखं.

आई मला घेऊन तोंडवलीला गेली. मावशी रडत नव्हती. आईने जवळ घेतलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माणसा जातत गो. पण माझी हाक वापरल्यान तिना."

पुढे मी कितीतरी सुट्ट्या त्या घरात काढल्या. मावशी रोज संध्याकाळी खळ्यात किनाऱ्याकडे तोंड करून बसायची. हातात जपमाळ नाही, काही नाही. एकदा मी विचारलं, "मावशे, काय बगतंस?"

"धावतत," ती म्हणाली. "तिगांय."

मी बघितलं. किनारा रिकामा होता.

"माझ्याबरोबर गणपत कधी धावूक नाय," मावशी म्हणाली. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे किनाऱ्यावरून हलत नव्हते.

मला दिसलं काहीच नाही, हे खरं. पण समोरून, ओल्या वाळूवरून, धापा ऐकू आल्या. कुत्र्याच्या... आणि माणसांच्या. त्या आमच्या समोरून गेल्या, लांब गेल्या.

मग आमच्याकडे वळल्या...

मावशी उठून उभी राहिली. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.