परत आलेलं हार्वेस्टर

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे, आणि थापा मारणं त्याला या जन्मात जमलेलं नाही.

तेव्हा रात्र नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते. बंदराच्या यार्डात लख्ख ऊन पडलं होतं.

मामा तिथे सर्वेअर होता. शेतीची अवजड यंत्रं जहाजाने परदेशी जायची. ती चढण्याआधी तो तपासायचा. साखळ्या घट्ट आहेत का, डिझेलची टाकी रिकामी केली का, बॅटरी काढली का. आणि मुख्य म्हणजे, मशीन स्वच्छ आहे का. वापरलेल्या हार्वेस्टरच्या पोटात मूठभर माती किंवा चार दाणे जरी सापडले, तरी पलीकडचे अधिकारी ते आल्या पावली परत पाठवतात.

त्या पोटात शिरून साफसफाई करायचं काम एका फिटरचं होतं. माणूस इतका बारीक, की सगळे त्याला सुतळी म्हणायचे. तोही हसून म्हणायचा, "बायकोने दार नाही उघडलं तरी माझं अडत नाही साहेब, फटीतून जातो!"

आत शिरण्याआधी तो दरवेळी ओरडायचा, "आत जातोय रे! चावीला हात लावू नका!"

या सकाळच्या दोन महिने आधी, एका दुपारीही तो असाच ओरडला होता.

मामाने ऐकलं होतं.

शेजारी उभ्या असलेल्या यार्डाच्या सुपरवायझरनेही ऐकलं होतं.

पाच वाजता जहाजावर माल घेणं बंद होणार होतं. सुपरवायझरचा फोन सारखा वाजत होता. त्याने सुतळीला दोनदा हाक मारली. आतून उत्तर आलं, "झालंच, पाच मिनिटं."

"याची पाच मिनिटं म्हणजे तासभर," असं म्हणत सुपरवायझर केबिनमध्ये चढला. "इंजिनाचा आवाज ऐकला की कसा पळत येतो बघा."

"अहो, थांबा..." मामा म्हणाला.

सुपरवायझरने चावी फिरवली.

मळणीचा ड्रम फिरवणारा खटका आधीच चढवलेला होता. त्याने बघितलंसुद्धा नव्हतं.

पुढचं मामा सांगत नाही.

चौकशीत सुपरवायझर म्हणाला, "तो न सांगता आत शिरला होता." मग मामाला विचारलं. रोज याच माणसाबरोबर काम करायचं होतं. मामाची जीभ रेटली नाही. तो म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं."

सुतळीची बायको यार्डाच्या फाटकावर आली होती. रडत नव्हती. तिने मामाला गाठून एवढंच विचारलं, "भाऊ, ते ओरडले होते ना? न सांगता आत जाणारे नव्हते ते."

मामा खाली मान घालून निघून गेला.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मशीन धुतलं. मामाने 'स्वच्छ' म्हणून सही केली. मशीन पुढच्या जहाजाने गेलं.

आणि दोन महिन्यांनी परत आलं.

सोबत तपासणीचा कागद होता. ड्रममध्ये ओला भुसा सापडला... आणि माणसाचे केस.

मशीन उतरवून यार्डाच्या कोपऱ्यात ठेवलं. टाकी कोरडी ठणठणीत होती. बॅटरी जाण्याआधीच काढली होती, ती ऑफिसातल्या कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार साफसफाईला गेले आणि तसेच मागे फिरले.

"साहेब, आत कोणीतरी खरवडतंय."

मामा जवळ गेला. पत्र्याला कान लावला.

खर्र... खर्र... खर्र...

पत्र्याच्या पट्टीने माती काढताना येतो तसा आवाज. संथ. सवयीच्या हाताचा.

मामाने कान काढला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं... क्रेनचा भोंगा ऐकू येत नव्हता. ट्रक नाहीत. समुद्रपक्षी नाहीत. तिकडे क्रेन हलताना दिसत होती, पण आवाज म्हणून कशाचाच नव्हता.

फक्त ती खरखर.

सुपरवायझर तरातरा आला. "काय तमाशा आहे? भुतं आता डिझेलवर चालायला लागली का?"

कोणी हसलं नाही.

"कोणी जाणार नाही? ठीक आहे. मी जातो." त्याने चावी काढून मामाच्या हातात दिली. "ही धरा. आणि इथून हलू नका."

झाकण उघडून तो आत शिरला.

खरखर थांबली.

मामाने चावी मुठीत आवळली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

मग आतून सुपरवायझरचा आवाज आला. अगदी हळू.

"साहेब... आत आणखी कोण आहे?"

मामा वाकून झाकणातून आत बघू लागला.

"साहेब, माझा पाय धरलाय कोणीतरी..."

आणि मग दुसरा आवाज आला. शांत. ओळखीचा.

"मी सांगितलं होतं ना?"

सुपरवायझर किंचाळला. आतून पत्र्यावर लाथा बसू लागल्या. मामा झाकणाकडे धावला, दोन कामगारही धावले. झाकण उघडंच होतं. पण आत हात घालायची एकाचीही हिंमत होईना.

"सांगितलं होतं ना?"

"हो! हो, सांगितलं होतंस! मी ऐकलं होतं! सोड मला!"

लाथा थांबल्या.

सगळं शांत झालं. मामाला वाटलं, सुटला.

...आणि इंजिन सुरू झालं.

टाकीत थेंब नव्हता. बॅटरी कपाटात होती. चावी मामाच्या मुठीत होती, इतकी घट्ट की तळहातातून रक्त आलं होतं.

इंजिन जेमतेम पाच सेकंद चाललं असेल. मग आपोआप बंद पडलं. त्याबरोबर क्रेन, ट्रक, पक्षी, सगळे आवाज एकदम परत आले.

या वेळच्या चौकशीत मामाने सगळं सांगितलं. पहिल्या दुपारचंही. तो ओरडला होता, आम्ही दोघांनी ऐकलं होतं, असं लिहून सही केली. बॅटरी नसताना इंजिन कसं चाललं, याचं उत्तर कोणालाच देता आलं नाही. कागदावर 'तांत्रिक कारण' असं लिहिलं गेलं.

मामा सुतळीच्या घरी गेला. त्याच्या बायकोने उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच तर विचारलं होतं मी," ती म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात?"

तिने दार लावून घेतलं.

मशीन पुन्हा धुऊन पाठवलं. या वेळी तिकडे पहिल्या फटक्यात पास झालं. मामाला वाटलं, चला, संपलं.

चार महिन्यांनी ऑफिसात फोन आला. मशीन विकत घेणारा शेतकरी बोलत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण खुशीत. मशीन झकास चालतंय म्हणाला. आणि मशीनबरोबर पाठवलेला माणूसही कामाला चोख आहे म्हणाला.

मामा म्हणाला, "आम्ही कोणाला पाठवलेलं नाही."

"असं कसं? बारीक अंगाचा आहे. रात्री मशीनमध्येच झोपतो. फार बोलत नाही. रोज फक्त एकच विचारतो..."

"काय?"

"सर्वेअर साहेब कधी येणार?"

मामाने फोन ठेवला. त्यानंतर वर्षभरात नोकरीही सोडली.

आता या गोष्टीला सहा वर्षं झाली. मामाची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. नेमकी त्याच देशात. तिला मुलगा झाला, तो आता चालायला लागलाय. ती दर आठवड्याला बोलावते, "बाबा, नातवाला बघायला तरी या."

दोनदा तिकीट काढलं. दोन्ही वेळा मामाने रद्द केलं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती सांगत होती, घराच्या मागे शेतं आहेत, कापणी सुरू झालीय, बाळ दिवसभर खिडकीत उभं राहून ते मोठं मशीन बघतं.

"आणि बाबा, त्या मशीनवरचा माणूस इतका चांगला आहे ना, रोज याला बघून हात हलवतो."

मामाने विचारलं, "अंगाने बारीक आहे का गं तो?"

"हो, तुम्ही कसं ओळखलंत?" मामाने फोन ठेवला.